कवचधरच्या एकशे बारा अंकांची फेरतपासणी

मी, चारुता नारायण पागधरे, वय वर्षे सहासष्ट, मूळ राहणार चिंचणी, हल्ली मुक्काम बोईसर, कारखान्यातून निवृत्त, अविवाहित, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल असं माणूस आमच्या घरात जन्मलेलंच नाही. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. मिथुन चुरी यांनी वेगळ्या कागदावर दिला आहे. दाखला लिहिताना त्यांनी दोनदा विचारलं, "ताई, मुख्य मिळकत म्हणून नक्की कॉमिक्सच लिहायची ना?" हो, कॉमिक्सच.

लिहायचं कारण असं की येत्या मंगळवारी मुंबईत माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. एकतीस वर्षं मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासले, आणि गळका व्हॉल्व्ह माझ्या सहीने कधी गेटबाहेर गेला नाही. आता माझाच गळतो आहे आणि तपासणारे दुसरे आहेत. मी घाबरलेली नाही. खोटं कशाला बोलू, थोडी घाबरले आहे. पण आयुष्याबद्दल तक्रार नाही. माझ्या पगाराचं खाल्लं, माझ्या मताने राहिले, मासे ताजे मिळाले. फक्त एक काम अर्धवट आहे आणि एक गोष्ट सांगायची राहिली आहे. काम म्हणजे धाकटा भाऊ जितेश याच्याबरोबर चाललेली 'कवचधर' या जुन्या मासिकाची फेरतपासणी. गोष्ट सहाव्या कलमात आहे. ती माझ्या माघारी त्याला वाचून दाखवावी, कारण तोंडावर सांगायची हिंमत मला चाळीस वर्षांत झालेली नाही.

कलम १. बोईसरचं दोन खोल्यांचं घर जितेश आणि त्याची बायको हिना या दोघांच्या नावे करावं. ते पालघरला राहतात आणि तिथेच राहोत. हे घर भाड्याने दिलं तरी चालेल. भाडेकरूने बाल्कनीतल्या कढीपत्त्याला हात लावायचा नाही. सोसायटीचे अध्यक्ष तो तोडायला नऊ वर्षं टपून बसले आहेत. त्यांना माझ्याकडून काही नाही.

कलम २. बँकेतली ठेव एकट्या हिनाला. जितेशला का नाही, असं कोणी विचारेल. जितेशला साखरेचा आजार आहे, त्याच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरतं, आणि दर महिन्याला त्याला इंजेक्शनला नेणारी हिना आहे. जितेशच्या हातात ठेव दिली तर तो "आता बरं हाय" म्हणून इंजेक्शन बंद करील आणि नवा मासेमारीचा गळ आणील. मी त्याला ओळखते.

कलम ३. माझी मोजमापाची हत्यारं, म्हणजे दोन मायक्रोमीटर, एक व्हर्नियर आणि तेलाच्या कापडात गुंडाळलेले गेज, जितेश-हिनाचा मुलगा, माझा भाचा दर्पण याला. तो बोईसरच्याच एका कारखान्यात खरेदी विभागात आहे आणि हत्यारं वापरणार नाही, पण कपाटात जरी ठेवली तरी घरात अचूक काहीतरी असावं. ज्या साहेबांनी ब्याण्णव साली मी नाकारलेला माल माझ्या रजेच्या दिवशी पास करून पाठवला, त्यांना मी माफ केलं, असं लिहा म्हणून वकिलांनी सुचवलं. नाही केलं. तसंच लिहिलं आहे.

कलम ४. आता मुख्य मिळकत. 'कवचधर', मासिक, अंक १ ते १११, जानेवारी १९७६ पासून पुढे. छापणारं गिरगावातलं प्रकाशन कधीच बंद पडलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगते: कवचधर हा दिवसा पोस्टात टपाल वेगळं करतो आणि संकट आलं की त्याच्या अंगावर आपोआप पोलादी कवच चढतं. त्याचा शत्रू काळदंत. मी सतरा वर्षांची होते, जितेश तेरा. आमच्या वडिलांची चिंचणीला बोट होती, आणि तिथल्या खाऱ्या हवेत अंकाच्या पिना पहिल्याच पावसाळ्यात गंजायच्या. गंज पानभर पसरायचा, मग मधलं पान सुटायचं. म्हणून अंक आणला की त्याच दिवशी जितेश दाभणाने पिना काढून टाकायचा आणि जाळं विणायच्या नायलॉनच्या धाग्याने अंक शिवायचा. बाबांचा धागा, बाबांचीच गाठ. शिवल्याशिवाय अंक वाचायचा नाही.

आणि एकट्याने वाचायचा नाही, हा दुसरा नियम. दोघांनी एकत्र बसून वाचायचा, मग पाठमोरं होऊन शेवटच्या पानावर पेन्सिलने दहापैकी गुण द्यायचे. माझे डावीकडे, त्याचे उजवीकडे.

मागच्या वर्षी दर्पणने अंकांचे फोटो मुंबईतल्या एका संग्राहकाला पाठवले. त्या गृहस्थांनी एकच विचारलं, "मूळ पिना कुठे आहेत?" पिना नसल्या की अंकाला बाजारात किंमत नाही, म्हणे. आम्ही शिवले नसते तर पानंसुद्धा नसती, हे त्यांना समजावणं दर्पणला जमलं नाही. मला उलट बरं वाटलं. ज्याला किंमत नाही ते कोणी विकायला काढत नाही. मग जानेवारीपासून मी दर रविवारी पालघरला जाते, जितेशला एक किंवा दोन अंक वाचून दाखवते, चित्रं तोंडी सांगते, आणि आम्ही नव्याने गुण देतो. आता त्याला छापलेलं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. मी माझे गुण लाल पेनाने आधी लिहून ठेवते, मग तो बोटं दाखवतो.

चौऱ्याहत्तर अंक झाले. काही निकाल इथे नोंदवते, म्हणजे नंतर वाद नको.

अंक १. जुने गुण दहा आणि दहा. नवे माझे सहा, त्याचे सात. पान चारवर कवचधरच्या दोन्ही पायांत डावाच बूट आहे. पन्नास वर्षं मला दिसलं नव्हतं, आणि मी म्हणे तपासनीस.

अंक २३. कवचधर कोळ्यांच्या गावी येतो. जुने चार आणि तीन, कारण होड्या काश्मिरातल्या तळ्यावरच्या काढल्या होत्या. बाबांनी आयुष्यात बघितलेला हा एकच अंक. त्यांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "याला नांगर कुठं हाय? पोरं मरतील ना." नवे गुण दोघांचेही आठ. ते बाबांचे आहेत, चित्रकाराचे नाहीत.

अंक ५८. सौदामिनी नावाची वैज्ञानिक बत्तीस पानांत एकोणीस वेळा किंचाळते आणि एकदाही प्रयोगशाळेत जात नाही. तेव्हा मी आठ दिले होते. आता दोन. तेव्हा मला राग कसा आला नाही, याचा राग आला.

अंक ६६. कवचधर आंधळा होतो आणि नुसत्या आवाजावरून लढतो. जितेशने तेव्हा तीन दिले होते, "नुसती काळी पानं" म्हणून. या सप्टेंबरमध्ये मी वाचून संपवला तेव्हा त्याने एकदा अंकावरून हात फिरवला. मग दोन्ही हातांनी नऊ बोटं दाखवली. मी लिहायला घेतलं तर म्हणाला, "थांब, बाय. शेवटच्या पानावर त्याचं डोळं परत दिलं ना? मग पाच. तिकडं लेखकाची हिंमत गेली." मी त्या दिवशी हिनाकडे चहा न घेताच निघाले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्याला आवाजावरून कळलं असतं.

कलम ५. मी मंगळवारनंतर नसले तर उरलेले सदतीस अंक वाचून दाखवायचं काम हिनाने करावं, अशी माझी इच्छा आहे. दर्पण वाचेल, पण घड्याळाकडे बघत वाचेल. हिनाला कॉमिक्सचा तिटकारा आहे हे मला माहीत आहे. तिने एकदा विचारलं होतं, "ताई, हा माणूस जेवतो कधी?" त्याचं उत्तर अंक ८१ मध्ये आहे, तिथवर तिने धीर धरावा. ती विजेचं बिल वाचावं तसं वाचते, तरी चालेल. पण काळदंताचं हसणं छापलं आहे तितकं पूर्ण वाचावं, "हसतो" असं म्हणून पुढे जाऊ नये. भांडणाच्या चौकटीत कोण कुठे उभा आहे ते आधी सांगावं. आणि गुण तिने स्वतःचे द्यावेत, माझे काय असते याचा अंदाज करू नये.

वाचून झाल्यावर सगळे अंक जितेशच्या खोलीत, त्याच्या हाताला लागतील असे ठेवावेत. गाठी चाचपून त्याला अंक ओळखता येतो. कोणता अंक पावसात शिवला आणि कोणता घाईत, ते तो बोटांनी सांगतो.

कलम ६. हे कलम जितेशसाठी.

जितेश, आपण एकशे अकरा म्हणतो, पण अंक एकशे बारा निघाले. एप्रिल पंच्याऐंशीमध्ये तू न सांगता भरूचला नोकरीला निघून गेलास. सकाळी मी उठले तेव्हा तुझी वळकटी नव्हती. मला पुण्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं आणि ते तुला माहीत होतं. बाबा गेलेले, आईला एकटं टाकणं शक्य नव्हतं. दोघांपैकी एकाने राहायचं होतं, आणि कोणी राहायचं हे तू मला विचारलं नाहीस. त्याच संध्याकाळी तारापूर नाक्यावरच्या स्टॉलवाल्याने अंक एकशे बारा माझ्या हातात दिला. शेवटचा अंक, म्हणाला, आता बंद. तू पत्रात विचारलंस, अंक आला का? मी कार्डावर लिहिलं, आला नाही.

आला होता, जितेश. मी तो शिवला नाही, कारण शिवणारा तू. वाचला नाही, कारण एकटीने वाचायचा नाही. आईच्या लुगड्यांच्या पेटीत, डब्यात घालून ठेवला. पिना गंजल्या आहेत, पण जागेवर आहेत. तुला शिक्षा म्हणून लपवला आणि मग तीच माझी होऊन बसली. पुण्याला गेले नाही त्याचं मला आता काही वाटत नाही. इथलं आयुष्य चांगलं झालं. आई माझ्या हातून सुखाने गेली. पण अंकाचं वाटतं. मागच्या वर्षी दर्पणने फोनवर पूर्ण यादी दाखवली, त्यात एकशे बारा होता. मी म्हटलं, आपल्याकडे नाही आला. तू लगेच म्हणालास, हो, नाहीच आला. तू माझी बाजू घेतलीस आणि मला जमिनीत जावंसं वाटलं.

दर्पणला एवढं सांगते की मूळ पिनांमुळे या एका अंकाला त्याच संग्राहकाच्या हिशेबाने चांगली किंमत यावी. तरी तो विकायचा की उघडायचा, हे जितेशने ठरवावं.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माहीमचे त्याच नावाचे नव्हे, केळव्याचे वकील प्रफुल्ल सावे यांनी करावी. माझ्या देहाला चिंचणीच्या किनाऱ्यावर अग्नी द्यावा. भाषणं नकोत.

वरीलप्रमाणे लिहून झालं. आज रविवारी सही करायची होती. पण सहीआधी पुढील मजकूर जोडावा लागत आहे, आणि वकिलांच्या सल्ल्याने तो याच कागदावर, साक्षीदारांच्या देखत लिहीत आहे.

झालं ते असं. सकाळी अकराला माझ्या घरी वकील प्रफुल्ल, डॉ. चुरी आणि शेजारचे ज्ञानेश जगदाळे जमले. जगदाळे मूळ साताऱ्याचे, अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले, साक्षीला कायम तयार. लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार व्हायचं नसतं, म्हणून जितेश, हिना आणि दर्पण यांना मी आतल्या खोलीत बसवलं होतं. प्रफुल्ल म्हणाले, एकदा वाचून दाखवतो, शब्द राहिला असेल तर कळेल. मी हो म्हटलं. प्रफुल्ल कोर्टातल्या सवयीने वाचतात, म्हणजे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं, आणि माझ्या घराला मध्ये नुसता पडदा आहे. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. डोळे गेलेल्या माणसाचे कान कसे असतात, तेही अंक ६६ वाचल्यापासून मला माहीत असायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा प्रफुल्ल "आला होता, जितेश" इथे पोचले होते.

आतून जितेशचा आवाज आला. "प्रफुल्ल, थांब. ते कलम पहिल्यापासून वाच."

प्रफुल्लनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी परत वाचलं, या वेळी हळू. मग पडदा सारून, भिंतीला हात लावत जितेश बाहेर आला आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर बसला.

"पुण्याचं मला म्हाईत होतं," तो म्हणाला. "म्हणून तर पळालो. विचारलं असतं तर तू 'तू जा' म्हणाली असतीस, आणि मी गेलो असतो. मग तू पाठवलं म्हणून गेलो असं झालं असतं. माझ्यात तेवढी लाज होती. चुकलो, बाय. चाळीस वर्सं चुकलेलाच हाय."

मी म्हटलं, "मी अंक लपवला."

"मी वाचलाय," तो म्हणाला.

मला कळेना. मग त्याने सांगितलं. त्या पहाटे तो मासळीच्या टेम्पोतून मनोरला गेला. हायवेवर गुजरातची बस येईपर्यंत स्टॉलवर बसला होता, तिथे नवा अंक दोरीला लटकत होता. त्याने घेतला आणि बसमध्ये वाचला, एकट्याने, न शिवता. वापीपर्यंत संपला. मग लाज वाटून भरूचच्या पुलावरून त्याने तो नर्मदेत टाकला. मला पत्रात "अंक आला का" असं विचारलं ते त्याने वाचला हे लपवायला. मी "आला नाही" लिहिल्यावर त्याला सुटल्यासारखं झालं. दर्पणच्या यादीच्या वेळी त्याने माझी बाजू घेतलीच नव्हती, स्वतःची घेतली होती.

"किती दिले होतेस?" मी विचारलं.

"तीन. बाय, फालतू अंक हाय तो. अगदीच फालतू."

मी हसायला लागले. डॉक्टर म्हणाले, ताई, सावकाश. हिना पाणी घेऊन आली आणि तीही हसत होती. दर्पणने तेवढ्यात विचारलं, "आत्या, पिना खरंच मूळ आहेत?" त्याला आईनेच गप्प केलं.

मी पेटीतून अंक काढला. जितेशने स्वयंपाकघरातून टोकदार सुरी मागितली, बोटांनी पिना शोधल्या आणि दोन्ही काढल्या. दर्पण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धागा घरात नव्हता म्हणून जगदाळ्यांनी पतंगाचा साधा दोरा आणला. गाठ मात्र बाबांचीच मारली. मग मी वाचायला बसले, आणि वकील, डॉक्टर, शेजारी, सगळे ऐकत बसले, कारण सहीशिवाय त्यांना जाता येत नव्हतं.

अंक खरोखर फालतू आहे. बत्तीसपैकी चौदा पानं पहिल्या अंकातलीच परत छापली आहेत, दोन्ही डाव्या बुटांसकट. काळदंत येतच नाही. शेवटी कवचधर "माझे कार्य संपले" असं म्हणतो आणि हिमालयाकडे चालायला लागतो. पोस्टातल्या नोकरीचं काय झालं, ते कोणी सांगत नाही. मागच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात. ज्या अंकाला मी चाळीस वर्षं डब्यात जपलं त्याला मी लाल पेनाने दोन दिले आणि कागद उलटा ठेवला.

जितेशने बोटं दाखवली. सात.

"सात?" मी म्हटलं. "अरे, तूच तीन दिले होतेस. दयेचे गुण नकोत मला."

"दया नाय." तो बोटं खाली घेईना. "तुझे किती?"

"दोन."

"मग फरक पाचाचा झाला." आमच्याकडे लहानपणापासून फरक चारच्या वर गेला की अंक दोघांनी परत वाचायचा असतो, त्याशिवाय गुण पक्के होत नाहीत. जितेश म्हणाला, "येत्या रविवारी नाय जमणार, तू तिकडं मुंबईला असशील. पुढच्या नाय तर त्याच्या पुढच्या. पण तूच वाचायचं. हिनाकडून हा अंक मी ऐकणार नाय."

मी लाल पेन परत उचललं. सात लिहून घेतले.

सबब, कलम ६ रद्द करण्यात येत आहे. त्यातली गोष्ट माझ्या जिवंतपणीच सांगून झाली आहे. कलम ४ मध्ये १११ च्या जागी ११२ वाचावं. कलम ५ कायम आहे, मात्र अंक ११२ त्यातून वगळला आहे. त्याचे गुण अद्याप पक्के झालेले नाहीत.

हे सर्व मी वाचून, समजून, आणि आज पुरेसं हसून झाल्यावर खालील साक्षीदारांसमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण: बोईसर, ता. जि. पालघर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं

सही: चारुता नारायण पागधरे

साक्षीदार १: डॉ. मिथुन चुरी, बोईसर. मृत्युपत्र करणाऱ्या बाईंची नाडी सहीच्या वेळी मोजली, ठीक आहे.

साक्षीदार २: ज्ञानेश जगदाळे, बोईसर. वरील मजकूर माझ्यासमोर घडला. अंकाला माझ्या मते तीन.